खंडेनवमीचा लॅपटॉप

गावात शाळा एकच, आणि तिचे अध्यक्ष नानासाहेब ढमढेरे शाळेपेक्षाही मोठे! शहरात कुठलंसं भाषण ऐकून आले आणि त्यांनी फर्मान काढलं, "सोमवारपासून नववीच्या प्रत्येकाने घरून स्वतःचा लॅपटॉप आणायचा. नसेल त्याने वर्गाबाहेर बसायचं!"

सोमवारी शिक्षणाधिकाऱ्यांना घेऊन ते मिरवत आले. जवळजवळ सगळा वर्ग व्हरांड्यात बसला होता. हेमांगी लोणारी मात्र आत, पहिल्या बाकावर. तिच्यापुढे कापडाने झाकलेली चौकोनी वस्तू, वर हळदकुंकू आणि झेंडूचा हार.

"हे काय गं?" नानासाहेबांनी विचारलं.

"लॅपटॉप, सर."

"मग उघड की!"

"उघडायचा असतो होय?" हेमांगी म्हणाली. "आपल्या संगणक कक्षात वीस आहेत. तीन वर्षं आम्ही दाराशी चपला काढून खिडकीतूनच बघतो. खंडेनवमीला तुम्ही त्यांना हार घालता, पुन्हा कुलूप लावता आणि किल्ली घरी नेता. मला वाटलं, वापरायची रीत हीच."

"उघड म्हणतो ना!" नानासाहेब गरजले.

"उघडते की. पण आधी तुम्ही तुमचे उघडा, सर. मोठ्यांचा मान पहिला."

शिक्षणाधिकाऱ्यांनी नानासाहेबांपुढे हात केला. "किल्ली द्या."

घटकाभरात सगळी पोरं संगणक कक्षात शिरली. हेमांगीने आपलं कापड काढलं, तर खाली जेवायचा पाट! तो तिने रिकाम्या व्हरांड्यात नीट मांडला.

"बसा, सर. तुम्हीही लॅपटॉप आणला नाहीत ना?"