खाऊची बाटली

औषधाच्या बाटल्यांना दाबून फिरवायची झाकणं नवीन आली, तेव्हाची गोष्ट. असंच एक झाकण एका फळीवर गोड औषधाच्या बाटलीवर बसलं होतं. शेजारची बामाची म्हातारी डबी त्याला येताजाता टोचायची.

“मेल्या, तुला उघडताना माणसांना घाम फुटतो. मी बघ, नख लावलं की उघडते. आणि औषधाला खाऊ म्हणावं, म्हणजे पोरं गटागटा पितात. आमचं असंच चालत आलंय.”

“चालत आलंय म्हणून बरोबर होत नाही, आजी.”

एका दुपारी छोटी रेवा स्टुलावर चढली. “खाऊ,” म्हणत तिनं बाटली धरली. ती सगळी पोटात गेली असती, तर पोर हातची गेली असती. रेवानं झाकण पिळलं, दातांनी चावलं. त्याची कड सोलली, ते कटकट फिरत राहिलं, पण सुटलं नाही. कंटाळून तिनं डबी उघडली आणि बामाचं बोट चाटलं. तोंड पोळलं तशी तिनं भोकाड पसरलं.

आई धावत आली. तिनं लेकीचं तोंड धुतलं आणि डबी, बाटली दोन्ही कपाटात कोंडली.

आत डबी कुरकुरली, “कार्टीनं मला खाऊ समजून चाटलं.”

“शब्द तुमचाच, आजी,” चावलेलं झाकण म्हणालं.