नव्वद आणि दहा

मुंग्यांनाही पाढे पाठ होते त्या काळची गोष्ट. वीटभट्टीला लागून एक वारूळ होतं. भट्टी पेटली की तीस दिवस जमीन अशी तापायची, की बाहेर पाऊल टाकणारी मुंगी भाजून मरायची.

भट्टी पेटायच्या आदल्या दिवशी कोठारात बेचाळीसशे दाणे होते. हिशेबनीस मुंगळोजी राणीपुढे आले.

"कामकरी मुंगीला रोज एक दाणा लागतो, पिलांना भरवणारीला पाच. म्हणजे सरासरी तीन. शंभर जणींचे रोजचे तीनशे. चौदा दिवसांत कोठार साफ! म्हाताऱ्या-लंगड्यांनी बाहेर व्हावं. म्हाताऱ्यांना दाराशी उभं केलंच आहे."

येसाक्का पायाने लंगडी होती. पण जीभ काही लंगडी नव्हती.

"अहो मुंगळोजी, कामकरी किती?"

"नव्वद."

"आणि पिलांपाशी?"

"दहा."

"मग नव्वदांना आणि दहांना सारखंच वजन कसं देता?"

"दोन दालनं, दोन आकडे, मधला धरायचा. रीतच आहे तशी!"

"रीत घाला चुलीत."

येसाक्का पाय ओढत कोठारात गेली. तिने नव्वद दाणे मांडले, शेजारी पन्नास. "हे झाले रोजचे एकशेचाळीस. आता तीस दिवसांचे मोजा."

मुंगळोजींनी तीनदा मोजले. बरोब्बर बेचाळीसशे.

"येसाक्का," ते खालमानेने म्हणाले, "मलाही शिकवा."

"शिकवीन की. आधी दाराशी उभ्या केलेल्या त्या म्हाताऱ्यांना आत आणा."