तळे चकचकीत झाले

फार पूर्वी, एका बागेतल्या तळ्यात माशांनी वसंतासाठी साफसफाई काढली. तळाचा गाळ उपसायचे काम खेकड्याकडे आले.

गाळातला कमळकंद कळवळून म्हणाला, "खेकडेदादा, मी यातच निजलोय."

"दरवर्षी आपोआप उगवतोस ना? मग काठावर उगव," मासे हसले.

खेकड्याला ते पटले नाही. पण एवढ्या जणांपुढे बोलायचे कसे? त्याने मुकाट्याने गाळासकट कंद काठावर टाकला. पाणी काचेसारखे नितळ झाले.

चैत्राचे ऊन तापले. पाण्यावर आडोशाला एकही पान नव्हते. फांदीवर टपलेला खंड्या पक्षी रोज एकेक मासा उचलू लागला.

"खेकड्या, कंदाला परत आण रे," उरलेले मासे रडू लागले.

खेकडा काठावर धावला. वाळल्या गाळाला भेगा पडल्या होत्या. एका भेगेतून कोंब निघाला होता आणि पाण्याकडे वाकून तिथेच सुकला होता.