वीस नाण्यांची डबी

फार फार जुन्या काळी एका नदीकाठी झारेकऱ्यांची वस्ती होती. किती जुन्या, ते मला विचारू नका. पण तेव्हासुद्धा लोकांना वाळूत त्यांच्याहून जुनी नाणी सापडत, एवढं ध्यानात ठेवा.

झारेकरी म्हणजे वाळू चाळून, माती धुऊन त्यातला सोन्यारुप्याचा कण वेचणारी माणसं. त्यांची एक रीत होती. नव्या जागी जी पहिली वस्तू हाती लागेल, ती तिथेच दगडाखाली पुरून नदीला परत द्यायची. मग पुढचं आपलं.

त्या वर्षी राजाला गजशाळा बांधायची लहर आली, आणि तीही नेमकी त्याच काठावर. वस्ती दरबारात गेली. "महाराज, इथं आमच्या पूर्वजांचं गाव होतं. एक राणी राज्य करायची." दरबारी खो खो हसले. राजा म्हणाला, "दिवाळीपर्यंत पुरावा आणा, नाहीतर जागा सोडा."

वस्तीतली गोजरा हे ऐकून पेटलीच. पिढ्यान्‌पिढ्या याच मातीत हात घातले आणि आता आम्ही उपरे? ती रोज उजाडल्यापासून चाळण हलवू लागली. हातांची सालटं निघाली. शेवटी एका दरडीखाली फुटकं गाडगं लागलं. आत चांदीची बावीस नाणी! रीतीप्रमाणे पहिलं तिने तिथेच दगडाखाली पुरलं, आणि उरलेली एकवीस पदरात बांधून ती दरबारातल्या एका सरदाराकडे गेली.

हा सरदार नाणेवेडा. घरात जुन्या नाण्यांच्या पेट्याच पेट्या. जुनी अक्षरं वाचणारा पंचक्रोशीत तोच एक. त्याने एक नाणं उचललं. एका बाजूला हत्ती, दुसऱ्या बाजूला बारीक अक्षरं.

"अगं, राणीचं नाव आहे हे! आणि खाली तुमचं गाव! असं नाणं आजवर कुणी पाहिलेलं नाही."

"मग दरबारात सांगाल ना, सरकार?"

"म्हणजे काय! ठेवून जा. मीच राजापुढे मांडतो."

गोजराने विश्वासाने ठेवली. दुसरं करणार काय बिचारी?

आता त्या शहाण्याने काय केलं ते ऐका. एकवीस नाणी बघून माणसाला आनंद व्हायला हवा की नाही? याच्या पोटात दुखू लागलं! एकवीस आहेत, म्हणजे उद्या दुसऱ्या सरदाराकडेही एखादं जाणार. मग आपला तोरा कसला? त्याने सोनाराला बोलावलं, त्यातलं ठसठशीत एक बाजूला काढलं आणि बाकीची वीस मुशीत घालून वितळवली. वीस! त्या राणीचं नाव या मेल्याने वीस वेळा पुसलं. आणि त्या चांदीची घडवली डबी, उरलेलं एक ठेवायला.

दिवाळीच्या आदल्या दिवशी दरबाराच्या दारात गोजराने त्याला गाठलं. "बाकीची कुठायत, सरकार?"

सरदाराने डबीवर टिचकी मारली. "ही काय. अगं, एकच असलं की त्याला मान. तुझ्या पुराव्याचं मोल वाढवलंय मी."

"मोल?" गोजराचा आवाज चढला. "मला साक्षीदार हवे होते! वीस साक्षीदार मारलेत तुम्ही!"

शिपायांनी तिला गप्प केलं. सरदार ऐटीत पुढे गेला. "महाराज, यावर राणीचं नाव आहे, खाली त्या वस्तीचं गाव. अवघ्या पृथ्वीवर असं हे एकच."

राजाने टांकसाळीच्या म्हाताऱ्या पारख्याला बोलावलं. त्याने नाणं उलटंसुलटं केलं, डबीही निरखली. "याची जोड?"

"जोड नाहीच! तेच तर विशेष."

"मग खरं कशावरून म्हणू? सोंडेपाशी ही रेघ आहे. जुन्या ठशाला गेलेला तडा असेल, नाहीतर कालचा ओरखडा असेल. दुसरं असतं तर ताडून पाहिलं असतं. ही राणी कुठल्या पोथीत नाही. आणि महाराज, डबीची चांदी अन् नाण्याची चांदी अगदी एकाच कसाची आहे. माझ्या मते हे नाणं सरदारांच्याच घरी पाडलंय."

खोटं नाणं पाडणाऱ्याचा त्या राज्यात हात तोडत. सरदाराचा तोरा उतरला. "महाराज, वीस होती हो! अगदी अश्शीच!"

"मग दाखव."

सरदाराने एकदा डबीकडे बघितलं. मग गोजराकडे वळला. "गोजराबाई," तो हात जोडून म्हणाला, "एखादं तरी राहिलंय का हो कुठं?"

गोजराच्या अंगाची लाही लाही झाली. जाऊ दे याचा हात, असं तिच्या मनात येऊन गेलं. पण हातामागोमाग वस्तीही जाणार होती.

"नदीकडं एक आहे," ती म्हणाली. "दिलेलं परत घ्यायची आमच्यात रीत नाही. तुम्ही वीस वितळवून डबी केलीत, तुमच्या हावेपायी आज मला ते पाप करावं लागतंय."

पारखी स्वतः तिच्याबरोबर गेला आणि दगड उचलून नाणं घेऊन आला. या नाण्यावरचा हत्ती जरा कडेला सरकलेला, शेपूट अर्धी कापलेली. पण सोंडेपाशी तीच रेघ, त्याच जागी.

"ओतलेली खोटी नाणी हुबेहूब एकसारखी असतात, महाराज. ही दोन्ही एकाच ठशाची, पण वेगवेगळ्या घावांची. नाणी खरी, राणी खरी आणि या बाईचं गावही खरं."

वस्ती राहिली, हत्ती दुसरीकडे गेले. दोन्ही नाणी वस्तीच्या देवळात ठेवायचा हुकूम झाला. राजा गोजराला चांदीची डबी देऊ लागला, तर तिने मान हलवली. "नको, महाराज. हिच्यावर कुणाचंच नाव नाही."

सरदाराचा हात वाचला. राजा त्याला एवढंच म्हणाला, "वीस वितळवलीस ना? वीस शोधून आण."

तेव्हापासून सरदार गुडघाभर पाण्यात चाळण घेऊन उभा असतो. गोजरा काठावरून ओरडते, "चाळण अशी धरतात होय, सरकार? आणि पहिलं सापडेल ते नदीचं हां!" अजून एकही सापडलेलं नाही.

तात्पर्य: आपलं एकच उरावं म्हणून जो बाकीची पुसून टाकतो, त्याच्या खऱ्यालाही साक्ष द्यायला कुणी उरत नाही.