धड पायाची पट्टी

“आणि गुडघा?” बाबालाल वस्तादांनी विचारलं.

“गुडघ्याला काय झालंय? बरा हाय की,” धैर्यशील म्हणाला आणि त्यानं उजव्या मांडीवर थाप मारली.

थाप जरा जास्तच जोरात बसली.

दुसऱ्या दिवशी फुटबॉलची फायनल होती, आणि तीही पलीकडच्या पेठेशी. कोल्हापुरात एवढं सांगितलं की पुरतं. अशा दिवशी दोन्ही पेठांत कुणाच्या घरी धड स्वयंपाक होत नाही. धैर्यशील इंगवले हा तालमीच्या संघाचा हुकमी गोल मारणारा गडी. हंगामाच्या सुरुवातीलाच त्याच्या उजव्या गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं होतं.

तालमीची रीत अशी, की सामन्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक खेळाडूनं आपली जर्सी वस्तादांच्या हातून घ्यायची. वस्ताद कुस्तीतले. फुटबॉलला त्यांनी उभ्या जन्मात पाय लावला नव्हता. तरी त्यांनी दिल्याशिवाय जर्सी कुणाच्या अंगावर चढत नसे.

बाकीचे सगळे आपापली घेऊन गेले होते. तालमीतल्या मारुतीच्या मूर्तीपुढं एकच उरली होती, नऊ नंबरची.

“डॉक्टर काय म्हणतोय?”

“डॉक्टर भित्रा हाय. पुढच्या हंगामापतोर थांब म्हणतोय.”

“आणि न्हाई थांबलास तर?”

धैर्यशील मारुतीकडं बघत राहिला.

“…परत तुटलं तर खेळ इसरायचा, म्हणाला.”

वस्ताद कुस्तीच्या हौद्यातली तांबडी माती फावड्यानं वरखाली करत राहिले.

बाहेर कट्ट्यावर पोरं जमली होती. कुणीतरी हलगी घुमवत होतं आणि मध्येच ‘धैर्या… धैर्या…’ असा गिल्ला व्हायचा. प्रत्येक वेळी धैर्यशील दाराकडं मान वळवायचा. आपलं नाव ऐकून खरं तर बरं वाटावं, पण तो तळहात सारखे चड्डीला पुसत होता.

“बैठका मार,” वस्ताद म्हणाले.

हे होणार हे धैर्यशीलला ठाऊकच होतं. तो तयारीनं आला होता. शर्ट काढून तो हौद्याच्या कडेला उभा राहिला आणि सुरू झाला. खाली, वर. खाली, वर. कुठं अडला नाही, कुठं कण्हला नाही. वस्ताद ‘बास’ म्हणेपर्यंत तोंडावरचं हसू हललं नाही.

“बघितलंसा? एकदा तरी कळवळलो का?”

“न्हाई.”

“मग द्या की जर्सी.”

“धडधाकट पोरगं बैठका मारताना तोंड वाकडं करतं, धैर्या. मनातल्या मनात मला शिव्या घालतं,” वस्ताद म्हणाले. “तू हसत होतास.”

…

मला विचाराल तर माणसानं इथंच हात जोडावेत आणि घरी जाऊन पडावं. पण त्या वयात आणि त्या पेठेत कोण घरी जातो!

“दुखतंय,” धैर्यशील म्हणाला. आवाज एवढासा झाला होता. “झोपेत कूस बदलली तरी दुखतंय. पण वस्ताद… माझ्या जागी तो केदार खेळतोय. सेमीफायनलला दोन गोल मारलं त्यानं. उद्याबी मारलं तर?”

“तर आपण जिंकू.”

“व्हय.”

“त्याचं भ्या वाटतंय तुला?”

धैर्यशीलनं मान खाली घातली. त्याला स्वतःचीच लाज वाटली. लाजेपाठोपाठ रागही आला, तसा तो येतोच.

“मग तुमीच न्हाई म्हणा!” तो उसळून म्हणाला. “वस्तादांनी अडवलं म्हणून सांगतो भाईर. कोण चकार शब्द काढणार न्हाई.”

वस्तादांनी फावडं भिंतीला टेकवलं. हात धुतले, धोतराला पुसले. मारुतीपुढची जर्सी उचलली आणि त्याच्या हातात ठेवली.

धैर्यशील बघतच राहिला. हीच मागायला तो आला होता, आणि ती हातात पडल्यावर अंगात घालायचं त्याला सुचेना.

“म्हणजे… खेळू?”

“जर्सी दिली मी.”

“पर खेळू का नको?”

“ते तुझ्या पायाला इचार.”

बाहेर पुन्हा गिल्ला झाला. धैर्यशीलनं घाईघाईनं जर्सी अंगात घातली. जास्त विचार केला तर आपला धीर सुटेल, असं त्याला वाटत असावं. मग हौद्याच्या पायरीवर बसून त्यानं खिशातून गुडघ्याची पट्टी काढली आणि डाव्या पायात चढवायला लागला.

“दुखरा उजवा न्हवं?” वस्तादांनी विचारलं.

“व्हय की.” धैर्यशील आता जरा खुलला. “पट्टी दिसंल तिथंच लाथा घालत्यात ती पलीकडची. घालू देत डाव्यावर. आत्ताच बांधून जातो. त्यांची माणसं असत्यात कट्ट्यावर, रातच्याला बातमी पोचती.”

“आणि आपली पोरं?”

“त्यास्नी उजवा बरा झालाय म्हणून सांगितलंय. डाव्याला जरा मुका मार लागलाय म्हणायचं.”

“आईला?”

हात थांबले.

“…आईलाबी तेच.”

वस्ताद पायरीपाशी आले. त्या वयात खाली बसायला त्यांना वेळ लागला. धैर्यशील ‘अवो, तुमी कशाला’ म्हणेपर्यंत त्यांनी त्याच्या डाव्या पायातली पट्टी सोडवून काढली होती. मग उजवा पाय आपल्या मांडीवर घेतला. गुडघा अजून सुजलेला होता. त्याला धक्का लागणार नाही अशा बेतानं त्यांनी पट्टी वर चढवली आणि नीट बसवली.

धैर्यशीलच्या तोंडून पहिल्यांदाच ‘आई गं’ निघालं.

हलगी आता अगदी दाराशी आली होती.

वस्तादांनी त्याला हाताला धरून उठवलं, दाराकडं वळवलं.

“जा आता भाईर… आणि पाय जसा पडंल तसा पडू दे, लंगडत तर लंगडत.”