सुगरणीच्या घरातला काजवा

फार फार वर्षांपूर्वी विहिरीवर झुकलेल्या बाभळीत एक सुगरण राहायची. नवऱ्यानं उजेडासाठी खोप्यात ओल्या मातीनं एक काजवा चिकटवला आणि तेव्हापासून सारं घर त्याच्याकडेच टक लावून बसू लागलं.

एकदा नुकतंच उडायला लागलेलं पिलू तिन्हीसांजेला वाट चुकलं. सुगरण हाका मारमारून दमली, तरी ते शेजारच्यांच्या खोप्यांत शिरत राहिलं. शेवटी तिनं त्याला विहिरीच्या काठावर गाठलं.

“अरे, आईचा आवाज ओळखू येत नाही?”

“तू घरात बोलतेस कुठे?”

घरी येताच सुगरणीनं काजवा सोडवला.

“अहो, याला रोज तिन्हीसांजेला सुट्टी.”

“मग आपण करायचं काय?” नवरा कुरकुरला.

दुसऱ्या दिवशी सुट्टी संपवून काजवा परतला, तर आत एवढी चिवचिव चालली होती की बिचारा दारातच ताटकळला.