माकडिणीच्या दारातली गर्दी

बालमित्रांनो, एका जंगलात एक कोल्हा राहत असे. तो इतका संशयी होता, की पाणी प्यायला वाकला तरी हा आतला कोल्हा आपल्याकडे टक लावून का बघतोय, असे त्याला वाटे. एकदा त्याच्या पंजात बाभळीचा काटा मोडला. लंगडत लंगडत तो झाडपाल्याचे औषध देणाऱ्या माकडिणीकडे गेला. उन्हाळ्याचे दिवस होते आणि तिच्या अंगणात मुंगी शिरायला जागा नव्हती. दारात एक करकोचा उभा असे. आलेल्या प्रत्येकाला न्याहाळून कोणी आधी आत जायचे, ते तो ठरवी.

कोल्हा सकाळपासून कण्हत बसला होता. तेवढ्यात मागून आलेल्या सशाला करकोच्याने सरळ आत घेतले. मग एका हरिणीला घेतले, तीही मागूनच आलेली. कोल्ह्याच्या मनात पाल चुकचुकली. इथे कुठेतरी नक्की पाणी मुरतेय, असे वाटून त्याने करकोच्याला जाब विचारला.

करकोचा म्हणाला, "दादा, जो ओरडतो त्याच्या अंगात अजून जोर आहे. ज्याला ओरडताही येत नाही, त्याला आधी बघावं लागतं."

कोल्ह्याला ही निव्वळ थाप वाटली. ससा आणि हरिणी दोघेही डोळे मिटून निपचित पडले होते, एवढे मात्र त्याने हेरले. काटा निघाल्यावर तो जंगलभर सांगत सुटला, की कण्हणारे मूर्ख ठरतात, नुसते निपचित पडा म्हणजे नंबर लागतो. झाले! पोट दुखणारे अस्वल निपचित, अंगाला खाज सुटलेले रानडुक्कर निपचित. एकेकाचा श्वास तपासता तपासता करकोचा दमून जाऊ लागला.

अशाच एका दुपारी कोल्ह्याच्या पिल्लाला साप चावला. कोल्हा त्याला तोंडात धरून धावत आला. पिल्लू खरोखरच निपचित होते. पण अंगणात सगळेच तसे पडलेले, पाय ठेवायलाही वाट नाही. करकोचा पार पलीकडच्या कोपऱ्यात होता. कोल्ह्याने त्याला हाका मारल्या, पण सोंगाड्यांना घेऊन येणाऱ्यांच्या तसल्या हाका तो दिवसभर ऐकत होता.

"उठा रे," कोल्हा कळवळून म्हणाला, "हे सोंग मीच तुम्हाला शिकवलं. माझ्या पोराला आधी जाऊ द्या."

अस्वलाने एक डोळा किलकिला केला आणि ते रानडुकराच्या कानात पुटपुटले, "हलू नकोस. याला आपला नंबर हवाय."

कोणीही हलले नाही. करकोचा तिथवर पोचेपर्यंत विष बरेच चढले होते. माकडिणीने शर्थ केली. पिल्लाचा जीव वाचला, पण त्याचा मागचा पाय कायमचा लुळा पडला. कोल्हा त्याच्याजवळ बसून रडला. आता संशय घ्यायला त्याच्यापुढे दुसरे कोणी उरले नव्हते.

तात्पर्य : ज्याचा जीव धोक्यात, त्याचा नंबर पहिला. खोटी निकड दाखवून पुढे घुसणारा खऱ्या गरजवंताची वाट अडवतो, आणि तो गरजवंत उद्या आपल्याच घरचा असू शकतो.